फाइलमधलं बालपण

घरात वाढलेल्या माणसाला स्वतःचं बालपण बरंचसं ऐकूनच कळतं. पहिलं पाऊल कधी टाकलं, कोणत्या दुखण्यात घर रात्रभर जागलं, वर्षभर आजोळी का ठेवलं होतं, हे आई, आजी, आत्या सांगत राहतात. सरकारी देखभालीत, आज या घरी तर उद्या त्या संस्थेत वाढलेल्या मुलाला असं सांगणारं कोणी उरत नाही. त्याची आठवण कार्यालयातल्या फाइलीत असते. ब्रिटनमध्ये अशा फाइली उघडाव्यात म्हणून जो झगडा झाला, तो या आठवणीवर हक्क कोणाचा, याचाच होता.

ग्रॅहॅम गॅस्किनचा जन्म १९५९ चा. आई वारल्यावर १ सप्टेंबर १९६० रोजी, वर्षाचाही झाला नसताना, लिव्हरपूलच्या नगर प्रशासनाने त्याला ताब्यात घेतलं. मधले थोडे काळ सोडले तर सज्ञान होईपर्यंत तो तिथल्या देखभालीत, अनेक पालक-कुटुंबांच्या घरी राहिला. आपला छळ झाला असं त्याचं म्हणणं होतं आणि भरपाईच्या दाव्यासाठी १९७९ मध्ये त्याने स्वतःची फाइल मागितली. अशा मुलांच्या नोंदी ठेवणं १९५५ च्या नियमांनीच बंधनकारक केलेलं होतं. त्या नोंदी मुलाला दाखवणं मात्र नव्हे. गोपनीयतेचं कारण देऊन इंग्लंडच्या न्यायालयांनी १९८० मध्ये मागणी फेटाळली. पुढे प्रशासनाने तोडगा काढला, की ज्याने कागद लिहिला त्याची संमती असेल तरच तो द्यायचा. फाइलीत ४६ जणांचे सुमारे ३५२ कागद होते. १९८६ मध्ये गॅस्किनच्या वकिलांच्या हाती पडले १९ जणांचे ६५. बाकीच्यांपैकी कोणी नकार दिला, कोणी उत्तरच दिलं नाही, आणि उत्तर न येणं हाही नकारच धरला गेला. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय इथेच आहे. कोणीतरी पत्राला उत्तर देत नाही, एवढ्यावरून एका माणसाच्या आयुष्याची काही वर्षं बंद राहतात.

गोपनीयतेचा आक्षेप पोकळ नव्हता. डॉक्टर, शिक्षक, शेजारी, पालक-कुटुंबं यांनी मुलाबद्दल मोकळेपणाने लिहावं, तरच त्याची काळजी घेता येते. उद्या तो हे वाचेल असं वाटलं तर लेखणी आखडेल, असं त्यामागचं म्हणणं. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही ते मान्य केलं आणि संमतीची पद्धत मुळातच बेकायदा ठरवली नाही. पण ७ जुलै १९८९ च्या निकालात ११ विरुद्ध ६ मतांनी त्याने सांगितलं, की संमती मिळत नसेल किंवा कोणी उत्तरच देत नसेल, तेव्हा निवाडा करणारा त्रयस्थ हवा. तो नव्हता, म्हणून खासगी जीवनाच्या हक्काचा भंग झाला. गॅस्किनला ५,००० पौंड भरपाई मिळाली. मी याच्याही पुढे जाऊन म्हणेन, की ज्याच्याबद्दल लिहिलं त्याने वाचल्यावर जे शब्द टिकणार नाहीत, त्यांच्यावर विसंबून एखाद्या मुलाला या घरातून त्या घरात हलवायलाच नको होतं. कागद वाचून जुनी जखम उघडी पडेल, ही भीतीही खरी आहे. त्यासाठी वाचताना शेजारी जाणतं माणूस बसवावं. फाइल बंद ठेवल्याने ते दुःख टळत नाही, कारण ते त्या माणसाने आधीच भोगलेलं असतं.

ब्रिटनने १९८७ मध्ये अशा फाइली पाहू देणारा कायदा केला खरा, पण १ एप्रिल १९८९ पूर्वीच्या नोंदी त्यात येत नव्हत्या. म्हणजे ज्यांची बालपणं आधीच सरली होती ते बाहेरच राहिले. १९९८ चा माहिती संरक्षण कायदा २००० मध्ये लागू झाल्यावर जुन्या फाइलींचं दार उघडलं. दुसऱ्याची संमती नसली तरी परिस्थिती पाहता माहिती देणं वाजवी आहे का, हा विचार त्यात आला.

हाच पेच आपल्याकडे दत्तक गेलेल्यांपुढे येतो, आणि भारतातून परदेशी कुटुंबांत गेलेली मुलंही त्यांत आहेत. २०१७ च्या दत्तक नियमावलीने मुळांचा शोध घेण्याची वाट ठेवली होती. मूल सोपवताना जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर त्यांची संमती लागे. त्यांनी नकार दिला किंवा त्यांचा ठावठिकाणा लागला नाही, तरी मूल कोणत्या कारणाने आणि कोणत्या परिस्थितीत सोपवलं गेलं, ते त्या मुलाला सांगायचं, असं त्या नियमांत लिहिलं होतं. लिव्हरपूलच्या त्या १९ जणांखेरीज बाकीच्यांनी काय लिहिलं होतं, त्यातलं इतकं जरी गॅस्किनला १९८६ मध्ये कळलं असतं, तर त्याला स्ट्रासबर्गपर्यंत जावं लागलं असतं का, असा प्रश्न पडतो.