पाय कोणी कोणाचे धुवायचे? डहाणूची ब्रदरन मंडळी आणि तिचे प्रीतिभोजन

१/१४
मराठी समाजात पाय धुण्याला एक ठरलेली दिशा आहे. विवाहविधीत वधूचे आईवडील वराचे पाय धुतात, शिष्य गुरूचे धुतो, यजमान अतिथीचे धुतो. ज्याचे पाय धुतले जातात तो त्या क्षणापुरता तरी मोठा ठरतो. विसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू परिसरात एक लहान ख्रिस्ती संप्रदाय आला. त्याच्या उपासनेत धुणाऱ्याचे पायही धुतले जात. हा धागा त्या उपासनेविषयी आहे.

२/१४
या विधीचे मूळ सोळाव्या शतकातील युरोपात सापडते. १५२५ मध्ये झुरिक येथे काही तरुणांनी प्रौढपणी, स्वतःच्या निश्चयाने पुन्हा बाप्तिस्मा घेतला. राजसत्ता व धर्मसत्ता दोघींनीही त्यांचा छळ केला. पुढे मेनो सायमन्स या डच धर्मगुरूने विखुरलेल्या अनुयायांना एकत्र आणले. त्यांना मेनोनाइट असे नाव पडले. शस्त्र न धरणे आणि शपथ न घेणे हे त्यांचे नियम होते. १६३२ च्या डॉर्डरेख्त येथील श्रद्धापत्रात तर परस्परांचे पाय धुण्यासाठी एक स्वतंत्र कलम आहे.

३/१४
भारतात मेनोनाइटांची जुनी केंद्रे तेलंगणात आणि छत्तीसगडात आहेत. त्यांपैकी धमतरीचे केंद्र १८९९ मध्ये, दुष्काळाच्या काळात उभे राहिले. तेव्हा धमतरीचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतातून चाले. मराठी मुलखात, कोकणच्या उत्तर टोकाला, आले ते मेनोनाइटांचे जवळचे भाऊबंद : ‘चर्च ऑफ द ब्रदरन’.

४/१४
ब्रदरन संप्रदायाचा आरंभ १७०८ मध्ये जर्मनीतील श्वार्झेनाऊ गावी झाला. अलेक्झांडर माक याच्यासह आठ जणांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेतला. पाण्यात गुडघे टेकून तीन वेळा पुढे बुडी घेण्याची त्यांची पद्धत होती. १७१९ पासून त्यांचे गट पेनसिल्व्हेनियाकडे निघाले. अमेरिकेत ते शेतकरी म्हणून स्थिरावले. साधा वेश, युद्धाला नकार आणि न्यायालयात शपथ घेण्यासही नकार, ही त्यांची ओळख झाली. मेनोनाइट, क्वेकर आणि ब्रदरन या तिघांना मिळून ‘ऐतिहासिक शांतिवादी मंडळ्या’ म्हणतात.

५/१४
त्यांच्या उपासनेचा गाभा म्हणजे प्रीतिभोजन. बहुतेक मंडळ्यांत प्रभुभोजन हा भाकरी आणि द्राक्षरसाचा छोटा विधी असतो. ब्रदरन लोकांनी मात्र येशूच्या अखेरच्या रात्रीचा सारा क्रम जपला. आधी आत्मपरीक्षण, मग कमरेला पंचा बांधून शेजाऱ्याचे पाय धुणे व पुसणे, मग एकत्र बसून पोटभर जेवण, बंधुभावाचे चुंबन आणि शेवटी बेखमीर भाकरी व प्याला. अनेक ठिकाणी एकाने दुसऱ्याचे पाय धुवायचे आणि पंचा त्याच्याच हाती द्यायचा, अशी रीत होती. मग त्याने पुढच्याचे पाय धुवायचे.

६/१४
तरीही ही समता पूर्ण नव्हती. पुरुष पुरुषांचे व स्त्रिया स्त्रियांचे पाय धूत. भाकरी मात्र पुरुष एकमेकांसाठी मोडत आणि स्त्रियांना ती वडिलांच्या, म्हणजे मंडळीच्या पुरुष प्रमुखाच्या, हातून मिळे. ज्युलिया गिल्बर्ट या अमेरिकन स्त्रीने त्याविरुद्ध वर्षानुवर्षे अर्ज केले. अखेर १९१० मध्ये वार्षिक सभेने स्त्रियांना भाकरी मोडण्याचा अधिकार दिला. तोवर हा संप्रदाय भारतात येऊन दीड दशक उलटले होते.

७/१४
१८९४ मध्ये विल्बर स्टोव्हर, मेरी स्टोव्हर आणि बर्था रायन मुंबईत उतरले. त्यांनी पहिले ठाणे वलसाड येथे केले. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळात अनाथ मुलांचा सांभाळ हे त्यांचे मोठे काम ठरले. रेल्वेमार्गाने दक्षिणेला सरकत ॲडम व ॲलिस इबी या दांपत्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डहाणूला काम सुरू केले. वलसाडकडची भाषा गुजराती, तर डहाणूकडची मराठी. पुढे मंडळ्यांचे दोन विभागही भाषेवरून पडले : पहिला जिल्हा गुजराती आणि दुसरा जिल्हा मराठी.

८/१४
डहाणूच्या किनारपट्टीमागे वारली, कोकणा, मल्हार कोळी, काथोडी अशा जमातींचे पाडे होते. येथे हजारोंनी धर्मांतर झाले नाही आणि मंडळ्या लहानच राहिल्या. मिशनचे काम शाळा, वसतिगृह आणि रुग्णालय यांतून अधिक दिसले. डॉ. बार्बरा निकी यांनी डहाणूच्या रुग्णालयात दीर्घकाळ सेवा केली. उपासनेच्या काही रीती येथे सहज रुजण्याजोग्या होत्या. प्रार्थनेच्या वेळी स्त्रीचे मस्तक झाकलेले असावे म्हणून अमेरिकेतील ब्रदरन स्त्रिया पांढरी टोपी घालत. मराठी स्त्रीला डोईवरचा पदर पुरे होता.

९/१४
प्रीतिभोजनाचा अर्थ मात्र येथे बदलला. पेनसिल्व्हेनियात ते शेतकऱ्यांमधील नम्रतेचे व्रत होते. भारतात त्याची गाठ स्पर्श, पाणी आणि अन्न या तिन्हींशी पडली, आणि जातीची बंधने नेमकी याच तिन्हींभोवती विणलेली होती. पंक्तिप्रपंच हा शब्दच सांगतो की सहभोजन ही येथे साधी गोष्ट नव्हती. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. अशा समाजात परक्याचे पाय हातांनी धुणे आणि मग त्याच्यासोबत जेवायला बसणे हे नम्रतेच्या पलीकडे जाणारे कृत्य होते.

१०/१४
ही उच्चनीचता केवळ गावकुसापुरती नव्हती. आदिवासी जमातींमध्येही परस्परांना कमी लेखण्याच्या कल्पना होत्या आणि काथोडींच्या वाट्याला सर्वांत खालची पायरी येई. म्हणून या विधीतला ‘शेजारी’ कोण, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पंचा हाती घेतलेल्या माणसाला शेजारी निवडता येत नाही. रांगेत जो बसला असेल त्याच्यापुढे वाकावे लागते, मग तो साहेब असो वा पाड्यावरचा मजूर.

११/१४
विधीबाहेरचे जग मात्र तसेच राहिले. मिशनचा पैसा अमेरिकेतून येत असे. शिक्षक, प्रचारक, परिचारिका यांचे वेतन त्याच पैशातून निघे आणि कारभाराच्या किल्ल्या मिशनरींच्या हाती असत. ज्याच्यापुढे रात्री साहेब वाकला, त्याला सकाळी त्याच साहेबाकडे पगार मागावा लागे. भारतातील बहुतेक सर्व मिशनांचा हा पेच होता. ब्रदरन मंडळीत तो अधिक उघडा पडतो, कारण तिने समतेला उपासनेच्या मध्यभागी बसवले होते.

१२/१४
याच भागात समतेचा दुसरा झगडाही उभा राहिला. वेठबिगार आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे ‘लग्नगडी’ यांविरुद्ध १९४५ मध्ये वारल्यांचा उठाव झाला. गोदावरी व शामराव परुळेकर यांनी किसान सभेच्या वतीने त्याचे नेतृत्व केले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. जमीन, मजुरी आणि सावकारी हे प्रश्न पंचा व पाण्याच्या घंगाळाने सुटणारे नव्हते. पण माणसाने माणसापुढे कसे उभे राहावे, हा प्रश्न या उठावाच्याही मुळाशी होता.

१३/१४
२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट आदींसह ब्रदरन मंडळीही तीत सामील झाली. नव्या संस्थेने बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा दोन्ही मान्य केले. एकीसाठी ही तडजोड आवश्यक होती. पण ज्यांच्या पूर्वजांनी प्रौढ बाप्तिस्म्यापायी देश सोडला, त्यांच्यासाठी ती लहान नव्हती. धमतरीचे मेनोनाइट या एकीकरणात आले नाहीत.

१४/१४
गुजरातमध्ये काही ब्रदरन सदस्यांनी पुढे वेगळी वाट धरली. विलीनीकरणाचा व मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये निकाल ब्रदरन गटाच्या बाजूने लागला. न्यायालयात जाण्यास कचरणाऱ्या संप्रदायाच्या वाट्याला दशकांचे खटले आले. या मंडळीचा इतिहास लिहिताना असे खटले, मिशनचे अहवाल आणि इमारती हाती लवकर लागतात, कारण त्यांची दप्तरे राहतात. रांगेतल्या शेजाऱ्यापुढे पंचा बांधून वाकलेल्या माणसाची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर होत नाही. ती शोधायची तर जुन्या सभासदांच्या आठवणी ऐकाव्या लागतील, आणि तेही वेळेवर.

#इतिहास #धागा #डहाणू