रापण आणि पर्ससीन: मालवण किनाऱ्यावरील बंदीचा इतिहास

रापण ही सिंधुदुर्ग किनाऱ्यावरची सामूहिक मासेमारीची जुनी पद्धत आहे. होडीतून अर्धगोलाकार जाळे सोडले जाते, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन रांगांत उभी असलेली माणसे ते ओढतात. बांगडा, तारली वाळूवर आली की जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्यांचा असे वाटे पडतात. दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो, हीच या रितीची खरी श्रीमंती.

यांत्रिक नौका आल्यावर किनाऱ्याजवळचे पाणी वादाचे झाले. ते पारंपरिक मच्छीमारांसाठी राखता यावे म्हणून महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 साली झाला. पुढे पर्ससीन जाळे पसरले. ते थव्याभोवती फिरवतात, तळाच्या कड्यांतून ओवलेला दोर यंत्राने खेचतात आणि बटव्याचे तोंड आवळावे तसे जाळे मिटते. अख्खा थवा एकाच नौकेच्या हाती जातो. रापणीपर्यंत मासळी पोहोचतच नाही.

मच्छीमारांच्या दीर्घ लढ्यानंतर आणि पर्ससीन मासेमारीचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्याने 5 फेब्रुवारी 2016 रोजी पर्ससीनवर निर्बंध घातले. रात्री प्रखर दिव्यांनी मासे गोळा करणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी आणली. 2021 च्या दुरुस्तीने राज्याच्या कायद्यातील दंड कितीतरी पटींनी वाढवला. समुद्र सर्वांचा असेल, तर यंत्राच्या हावेला मर्यादा हवीच, हे तत्त्व या नियमांनी मान्य केले.