तेवीस मिनिटांचे गाणे आणि रेडिओवरचा उरलेला तास

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय रे भाऊ, असे आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांना वाटेल, म्हणून आधी थोडी ओळख. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या 'किंग क्रिमसन'ची पहिली तबकडी निघाली आणि रॉक संगीतात एक वेगळे दालन उघडले. गिटार आणि ड्रम्सच्या जोडीला मेलोट्रॉन, बासरी, सॅक्सोफोन. पाश्चात्य शास्त्रीय संगीताची आणि जाझची बांधणी. आणि मुख्य म्हणजे लांबी. 'येस'चे १९७२ मधले 'क्लोज टू द एज' अठरा मिनिटांहून मोठे आहे. त्याच वर्षीचे 'जेनेसिस'चे 'सपर्स रेडी' सुमारे तेवीस मिनिटांचे. 'जेथ्रो टल'ने तर 'थिक ॲज अ ब्रिक'मध्ये तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणे केले, आणि तो अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला! विलंबित ख्यालाला बसायची सवय असलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. पण दर तीन मिनिटांनी गाणे आणि गाण्यागणिक जाहिरात अशा अमेरिकन रेडिओवर हे वाजले तरी कसे? त्या 'कसे'ची ही हकिगत.

तीन मिनिटांचा हिशोब मुळात ७८ फेऱ्यांच्या तबकडीचा. एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. अब्दुल करीम खाँसाहेबांनाही आपले राग तेवढ्यातच बसवावे लागले. १९४८ साली कोलंबिया कंपनीने लाँग-प्लेइंग तबकडी आणली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे बसू लागली. तबकडी बदलली, पण एएम रेडिओ बदलला नाही. तिथे लोकप्रिय चाळीस गाणी आलटूनपालटून वाजत राहिली. लांब गाण्याला दुसरे घर हवे होते, आणि ते एका अभियंत्याने आधीच बांधून ठेवले होते.

एडविन आर्मस्ट्राँगला एफएमची पेटंट्स १९३३ साली मिळाली. आवाज स्वच्छ, विजेची खरखर नाही. पण १९४५ मध्ये सरकारच्या संचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, एफएमचा पट्टा ४२–५० मेगाहर्ट्झवरून ८८–१०८ वर हलवला आणि तोवर विकलेले एफएम रेडिओ निकामी झाले. आरसीए कंपनीशी पेटंटचे भांडण लढताना आर्मस्ट्राँग खचला आणि १९५४ साली त्याने आत्महत्या केली. पुढचे खटले त्याच्या पत्नीने, मॅरियनने, नेटाने चालवले. शेवटचा निकाल तिच्या बाजूने लागायला १९६७ साल उजाडले.

दरम्यान एफएमचे काय झाले? १९६१ मध्ये स्टिरिओला मंजुरी मिळाली, पण बहुतेक एफएम स्टेशने आपल्याच मालकाच्या एएम स्टेशनचा कार्यक्रम तसाच्या तसा ऐकवत होती. १९६४ साली एफसीसीने नियम काढला: एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरात एफएमने निम्म्याहून अधिक वेळ एएमची नक्कल करायची नाही. मालकांनी कुरकुर केली, अंमल लांबला, पण अखेर १९६७ च्या सुमारास देशभर शेकडो तास मोकळे पडले. त्यांत काय भरायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि श्रोते इतके थोडे की काहीही भरले तरी नुकसान नव्हते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स स्टेशनची कथा तर आपण परदेशस्थांनी मुद्दाम ऐकावी. हे स्टेशन परभाषिक स्थलांतरितांना तास भाड्याने देऊन कसेबसे तग धरून होते. टॉम डॉनह्यू हा एएमवरचा कसलेला निवेदक. चौकशीसाठी फोन केला तर स्टेशनचा फोनच तोडलेला निघाला आणि तेव्हाच त्याने हेरले की इथे आपल्याला शिरकाव आहे, असे सांगतात. ७ एप्रिल १९६७ पासून तो तिथे रात्री संपूर्ण अल्बम वाजवू लागला. परभाषिकांचे करार जसजसे संपत गेले तसतसे त्यांचे तास या नव्या संगीताला मिळाले. 'प्रोग्रेसिव्ह' हे विशेषण अमेरिकेत तेव्हा अशा स्टेशनांच्या पद्धतीलाच लागत असे. एका ठरावीक संगीतप्रकारावर ते नंतर स्थिरावले. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएमवर ॲलिसन स्टीलने १९६८ पासून मध्यरात्रीचा, म्हणजे कोणालाच नको असलेला तास घेतला, आणि 'नाइटबर्ड' या नावाने ती घरोघरी पोचली.

हे दिवस फार टिकले नाहीत. श्रोते वाढले तशा जाहिराती आल्या, आणि जाहिरातींपाठोपाठ सल्लागार. ली एब्रम्ससारख्यांनी सत्तरीच्या दशकात श्रोत्यांच्या आवडीच्या पाहण्या करून गाण्यांच्या याद्या ठरवून दिल्या. गंमत म्हणजे एब्रम्स स्वतः प्रोग्रेसिव्ह रॉकचा चाहता. पण यादी आली की निवेदकाची निवड गेली. दशकाच्या अखेरीस डिस्को आणि पंक आले, आणि तेवीस मिनिटांच्या गाण्याला व्यापारी रेडिओवर दार बंद झाले.

ते गाणे मग पट्ट्याच्या डाव्या टोकाला गेले. ८८ ते ९२ मेगाहर्ट्झचा तुकडा १९४५ पासून बिगरव्यापारी, शैक्षणिक स्टेशनांसाठी राखीव आहे. १९४८ पासून तिथे अवघ्या दहा वॉटचे परवाने मिळू लागले. आपल्या टेबलावरच्या दिव्याला त्याहून जास्त वीज लागे. अशा कॉलेज स्टेशनांवर आठवड्यातून एकदा, दोन-तीन तास, एकाच प्रकारच्या संगीताचा खास कार्यक्रम ही प्रथा रुजली.

असा कार्यक्रम चालवणे म्हणजे काय? पगार नाही. तबकड्या बहुधा स्वतःच्या, कारण स्टेशनच्या कपाटात इटलीचा 'बांको' किंवा स्वतःच रचलेल्या भाषेत गाणारा फ्रान्सचा 'माग्मा' क्वचितच असायचा. दोन तासांत तेवीस मिनिटांचे एक गाणे घेतले की उरलेल्या वेळेची बेरीज-वजाबाकी आलीच. दर तासाला स्टेशनचे नाव आणि गाव सांगायचे बंधन आहे. पण नियमातच 'कार्यक्रमातल्या स्वाभाविक विरामाच्या वेळी' अशी सोय असल्याने गाणे मध्येच तोडावे लागत नाही. देणगीदार दुकानाचे नाव घेता येते, मात्र भाव सांगायचा नाही आणि 'जरूर या' म्हणायचे नाही. वाजवलेल्या प्रत्येक गाण्याची नोंद ठेवायची. वर्षातून एकदा-दोनदा देणग्यांसाठी श्रोत्यांपुढे हात पसरायचा. आणि थँक्सगिव्हिंग असो की हिमवादळ, ठरल्या वेळी हजर राहायचे.

इंटरनेटवर हे सोपे होईल असे वाटले होते. १९९८ च्या कायद्याने तिथेही माप लावले: तीन तासांत एका अल्बममधली तीनच गाणी, त्यातही सलग दोनच. तीन मिनिटांची गाणी डोळ्यांपुढे ठेवून केलेला हा नियम. त्यामुळे 'थिक ॲज अ ब्रिक'च्या दोन बाजू म्हणजे दोन गाणी धरली तर अख्खा अल्बम नियमात बसतो, आणि 'येस'चा चार बाजूंवर चार गाण्यांचा १९७३ चा अल्बम बसत नाही!

नियमांतून वाट निघते. जागाच गेली तर कठीण. २०१० साली ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या केटीआरयू स्टेशनची लहर ९५ लाख डॉलर्सना विकायचा करार केला आणि पुढच्या वर्षी ती हातची गेली. विद्यार्थी इंटरनेटवर कार्यक्रम करत राहिले, आणि २०१५ मध्ये कमी शक्तीच्या परवान्यावर पुन्हा हवेत आले. कार्यक्रम करणारी माणसे टिकली होती, म्हणूनच परवान्यासाठी अर्ज करायला कोणीतरी उरले होते.

आपल्याकडे लांब संगीताला रेडिओवर जागा मिळाली ती वरून. १९५२ मध्ये मंत्री बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला मानाचे स्थान दिले, त्याच वर्षी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि सिनेसंगीताचे चाहते रेडिओ सिलोनकडे वळले. अमेरिकेत कोणी मंत्री नव्हता. इथे मिळाला तो उरलासुरला तास, आणि तो टिकला कोणीतरी दर आठवड्याला येऊन बसले म्हणून.

कॉलेजच्या स्टेशनवर रविवारी सकाळी लागणारा भारतीय गाण्यांचा तास आपल्यापैकी अनेकांनी ऐकला आहे, काहींनी चालवलाही आहे. तोही याच डाव्या टोकावर, याच नियमांखाली. असे तास पैशाअभावी जितके बंद पडतात त्याहून अधिक, चालवणारा थकला आणि मागे कोणी शिकलेले नव्हते म्हणून पडतात. ज्यांच्या गावात असा तास अजून चालू आहे त्यांनी वर्गणी तर द्यावीच, पण घरातल्या एखाद्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला एका रविवारी स्टुडिओत नेऊन त्या यंत्रासमोर बसवावे. मग ती भीमसेन लावो की 'जेनेसिस'.