अपेक्षांचे ओझे : डेव्हिड क्लाईडची कथा

जानेवारी १९८८मध्ये मद्रासच्या कसोटीत नरेंद्र हिरवाणी यांनी पदार्पणातच वेस्ट इंडीजचे १६ गडी १३६ धावांत बाद केले, तो दिवस इंदूरच्या आमच्या पिढीला अजून आठवतो. हा तरुण आपल्या मध्य प्रदेश संघाचा, याचा अभिमान प्रत्येक ओट्यावर बोलून दाखवला जात होता. पुढील १६ कसोटींत मिळून त्यांना ५० बळी मिळाले. हा आकडा एरवी सन्मानाचा ठरला असता; पण लोकांनी तो पहिल्या सामन्याशी ताडून पाहिला आणि ‘आरंभशूर’ असा शिक्का मारून मोकळे झाले. यात अन्याय कोणाचा, हा प्रश्न आमच्या मनात तेव्हापासून आहे. त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर आम्हांस मिळाले ते मात्र दूरच्या देशात आणि आपल्या परिचयाच्या नसलेल्या एका खेळात.

अमेरिकेत बेसबॉलचे व्यावसायिक संघ नवोदित खेळाडूंची निवड वर्षातून एकदा क्रमवारीने करतात. ही पद्धत १९६५मध्ये सुरू झाली. दुबळ्या संघांना आधी निवड करता यावी, हा तिचा हेतू. त्यामुळे ज्याचे नाव यादीत पहिले, त्याने बुडत्या संघाला वर काढावे, अशी अपेक्षा आपोआपच त्याला चिकटते. १९६६मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाने स्टीव्ह चिलकॉट या तरुणाला पहिले निवडले. दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला रेजी जॅक्सन पुढे ५६३ होमरन करून अमर झाला. चिलकॉट खांद्याच्या दुखापतीमुळे सर्वोच्च श्रेणीचा एकही सामना खेळू शकला नाही. १९९१मध्ये न्यूयॉर्क यांकीजने ब्रायन टेलर या डावखुऱ्याला साडेपंधरा लाख डॉलर देऊन करारबद्ध केले. १९९३च्या डिसेंबरात भावाची बाजू घेऊन केलेल्या मारामारीत त्याचा खांदा निकामी झाला. तोही वरच्या श्रेणीपर्यंत पोहोचला नाही. या दोघांच्या बाबतीत निदान नियतीकडे बोट दाखवता येते. डेव्हिड क्लाईडच्या बाबतीत तेही करता येत नाही.

क्लाईड हा ह्यूस्टनच्या शाळेतील डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू. शाळेच्या अखेरच्या वर्षी त्याने १८ सामने जिंकले आणि एकही गमावला नाही. १४८ डावांत त्याच्या खात्यावर अवघ्या तीन धावा लागल्या. जून १९७३मध्ये टेक्सास रेंजर्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले आणि सव्वा लाख डॉलर दिले. हा संघ आदल्याच वर्षी वॉशिंग्टनहून टेक्सासमधील आर्लिंग्टनला आला होता. त्याचा खेळ सुमार होता आणि मैदान रिकामे राहत होते. मालक बॉब शॉर्ट यांना पैशांची निकड होती. नवोदिताने आधी दुय्यम श्रेणीत दोन-तीन वर्षे काढून हात तयार करायचा, ही त्या खेळातील रूढ वाट. शॉर्ट यांनी ठरवले की या मुलाने आधी वरच्या श्रेणीत दोन सामने खेळावेत, मग खाली जावे.

२७ जून १९७३च्या संध्याकाळी आर्लिंग्टनच्या रस्त्यांवर मोटारींची एवढी रीघ लागली की सामना उशिरा सुरू करावा लागला. ३५,६९८ प्रेक्षक आले. मैदान प्रथमच पूर्ण भरले. अठरा वर्षांच्या क्लाईडने पहिल्या दोन फलंदाजांना दिशाहीन चेंडूंमुळे फुकट तळ बहाल केला आणि मग पुढच्या तिघांना चेंडूला बॅटही न लावू देता बाद केले. पाच डावांत त्याने आठ बळी घेतले, सात जणांना फुकट तळ दिला आणि सामना ४–३ असा जिंकला. त्या आठ बळींचा जयघोष झाला. सात फुकट तळांचा अर्थ मात्र कोणी लक्षात घेतला नाही. हात अजून तयार व्हायचा आहे, हे त्या आकड्यात स्वच्छ लिहिलेले होते.

दोन सामन्यांनंतर त्याला खाली पाठवायचे ठरले होते. पण तो खेळणार असला की गल्ला भरत होता, म्हणून त्याला तिथेच ठेवण्यात आले. त्या मोसमात त्याने ४ सामने जिंकले व ८ गमावले. संघाने एकूण १०५ सामने गमावले. सप्टेंबरात व्यवस्थापक व्हाइटी हर्झॉग यांना काढून बिली मार्टिन यांना आणले गेले आणि १९७४मध्ये शॉर्ट यांनी संघच विकून टाकला. ज्यांनी त्या मुलाला वर चढवले होते, त्यांतील कोणीही आता जबाबदारी घेण्यास उरले नव्हते. पुढे खांद्याची शस्त्रक्रिया, मग क्लीव्हलँड संघाकडे बदली. १९७९मध्ये तो वरच्या श्रेणीत शेवटचा खेळला. एकूण १८ विजय, ३३ पराभव. सव्विसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला आणि लाकडाच्या व्यापारात नोकरी धरली.

येथे एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. त्याच वर्षी चौथ्या क्रमांकावर निवडला गेलेला डेव्ह विनफील्ड दुय्यम श्रेणीत एकही सामना न खेळता थेट वर गेला. तिसऱ्या क्रमांकाचा रॉबिन याऊंट अठराव्या वर्षीच वर खेळू लागला. दोघेही बेसबॉलच्या सन्मानदालनात विराजमान झाले. तेव्हा घाई हेच सगळ्याचे मूळ, असे म्हणता येणार नाही. परंतु विनफील्ड विद्यापीठात खेळून आलेला एकवीस वर्षांचा जाणता गडी होता, आणि याऊंटला तिकीटविक्रीसाठी उभे केलेले नव्हते. क्लाईडला कोठे ठेवायचे हा निर्णय त्याच्या हाताकडे पाहून नव्हे, गल्ल्याकडे पाहून घेतला गेला. आमच्या मते फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

ज्या गोष्टीने आम्ही या कथेपाशी थांबलो, ती वेगळीच आहे. आयुष्याची पस्तीस वर्षे आम्ही राज्य शासनाच्या सेवेत काढली. सेवापुस्तिका आणि निवृत्तिवेतनाची प्रकरणे यांत अनेक संध्याकाळी गेल्या. क्लाईडच्या काळात बेसबॉलपटूला निवृत्तिवेतनासाठी चार वर्षांची सेवा लागत असे. त्याची सेवा सदतीस दिवसांनी कमी पडली. १९८०पासून ही अट ४३ दिवसांवर आणली गेली; पण तिचा लाभ आधी खेळलेल्यांना मिळाला नाही. २०११मध्ये अशा जुन्या खेळाडूंना काही वार्षिक रक्कम देण्याचे ठरले. त्यावर वारसांचा हक्क मात्र नाही. अर्हताकारी सेवेत थोडी उणीव राहिली तर ती क्षमापित करण्याची वाट आमच्या जुन्या नियमांत होती. ज्या मुलाच्या एका संध्याकाळने बुडत्या संघाचे मैदान भरले, त्याच्या सदतीस दिवसांसाठी मात्र अशी वाट कोणी शोधली नाही.

आपल्या घरांतूनही दहावी-बारावीच्या निकालात नाव झळकलेली मुले आहेत. ‘पुढे काही विशेष झाले नाही’ असे त्यांच्याविषयी आपण लग्नकार्यात सहज बोलून जातो. शासकीय सेवेत नव्या अधिकाऱ्याला परिवीक्षाकाळ असतो. तेवढ्या अवधीत त्याने चुका करायच्या आणि वरिष्ठांनी त्या सांभाळून घ्यायच्या, हा त्यामागचा संकेत. तो अवधी आपण आपल्या मुलांना दिला होता काय, हे आधी पाहावे आणि मगच त्यांचा हिशेब मांडावा. क्लाईड पुढे ह्यूस्टन परिसरात मुलांना चेंडू टाकायला शिकवू लागला. त्याला जे मिळाले नव्हते, ते तो दुसऱ्यांना देत होता. अपयशी माणसाचे हे काम नव्हे, असे आम्हांस वाटते.