एक चेहरा, चार मुखपृष्ठं

तुम्ही जिना चढताय. खाली छापखाना धडधडतोय, शाईचा वास वरपर्यंत पाठोपाठ येतोय. शहर सॅन फ्रान्सिस्को, रस्ता ब्रॅनन स्ट्रीट, साल १९६७. माळ्यावरच्या या खोलीत एका नव्या संगीतपत्राचं पहिलं पान टेबलावर पडलंय. संपादक यान वेनर २१ वर्षांचा आहे. त्याच्या सोबतीला पन्नाशीचे जाझ समीक्षक राल्फ ग्लीसन आहेत आणि गाठीला उसनवारीचे ७,५०० डॉलर.

पानावर वाका. वरचं नाव आधी बघा: 'रोलिंग स्टोन'. येताना भिंतीभिंतीवर तुम्ही जलशांची पोस्टरं पाहिलीत. त्यांतली अक्षरं फुगलेली, वितळलेली, लालावर हिरवा असा रंग की डोळ्यांपुढे नुसतं थरथरावं. ती वाचायला थांबावं लागतं, आणि जो थांबून वाचतो तोच त्या जलशाचा माणूस. त्याच पोस्टरवाल्यांपैकी एकाने, रिक ग्रिफिनने, हे नाव रेखाटलंय. त्याच्या हातून पुरतं होण्याआधीच वेनरने ते कच्चं रेखाटन उचलून आणलंय. आता नजर खाली आणा. तिथे सगळं सरळ आहे. वर्तमानपत्रासारखे शिस्तीचे रकाने, जाड-बारीक रेघांच्या चौकटी. नावाची वेलांटी रस्त्यावरची आणि रकान्यांची शिस्त वृत्तपत्राची, अशी ही जोडी मुद्दाम जमवलेली आहे.

मधल्या फोटोत बीटल्स या बँडचा जॉन लेनन. डोक्यावर जाळी चढवलेलं सैनिकी शिरस्त्राण, डोळ्यांना गोल चष्मा. 'हाऊ आय वन द वॉर' या चित्रपटातला हा फोटो. शेजारी बातमी आहे माँटेरीच्या संगीत महोत्सवाची, आणि तिचा सवाल रोखठोक: तिथला पैसा गेला कुठे? कागद गात नाही. संगीतपत्राची खरी अडचण हीच. ज्या वस्तूतून सूर ऐकू येत नाही ती सुरांच्या वेड्याला कशी विकायची? या पानाचं उत्तर असं: आवाज ज्याचा आहे त्याचा चेहरा दाखवा, आणि त्या चेहऱ्याशेजारी असा प्रश्न ठेवा की वाचकाला वाटावं, ही आपली माणसं आहेत, पण भाट नाहीत. घडी घातलेल्या अंकावर तारीख आहे ९ नोव्हेंबर १९६७, किंमत २५ सेंट.

एक वर्ष पुढे चला. नोव्हेंबर १९६८, अंक २३ तारखेचा. शिरस्त्राण गेलं, कपडेही गेले. लेनन आणि त्याची जोडीदार योको ओनो हात धरून पाठमोरे उभे आहेत आणि खांद्यावरून मागे वळून बघतायत. त्यांच्या 'टू व्हर्जिन्स' या तबकडीच्या वेष्टनावरचं छायाचित्र हे. अमेरिकेत ती तबकडी तपकिरी कागदात झाकून विकावी लागतेय, आणि इथे तेच चित्र उघड्यावर! अंक हातात घ्या. समोरून काढलेला फोटो मुखपृष्ठावर नाही, तो आत आहे. अर्धं बाहेर दाखवून उरलेल्यासाठी पान उलटायला लावणं, ही युक्ती जुनीच. पण तुम्हाला थांबवलं ते पाठींनी नव्हे, त्या दोन वळलेल्या माना आणि थेट तुमच्याकडे लागलेल्या नजरांनी. विक्रेत्याच्या मांडणीवर अंकावर अंक चढलेले असतात, पुष्कळदा वरची पट्टी तेवढी दिसते. तिथे वाटसरूला पकडायचं तर नाव आणि डोळे यांनाच पकडावं लागतं.

डिसेंबर १९७०, न्यूयॉर्क. बीटल्स फुटलेत आणि लेनन वेनरला दीर्घ मुलाखत देतोय. ॲनी लीबोविट्झ नावाची २१ वर्षांची मुलगी प्रकाशमापक घेऊन उजेड मोजतेय. लेनन मान वर करून तिच्याकडे बघतो. ती बटण दाबते. सजावट नाही, आविर्भाव नाही. २१ जानेवारी १९७१च्या अंकावर हाच कृष्णधवल चेहरा येतो. बघणाऱ्याला आतल्या मजकुराची चाहूल लागते: हा माणूस आता काही लपवणार नाही.

आणि आता ८ डिसेंबर १९८०. सेंट्रल पार्कसमोरची डाकोटा इमारत, लेननचं घर. या खोलीत तुम्हाला उभं राहवत नाही, कारण रात्री काय होणार ते इथे फक्त तुम्हाला माहीत आहे. लीबोविट्झ पुन्हा आलीय. मासिकाला एकटा लेनन हवाय, तो म्हणतो, आम्ही दोघं. ओनो वरचे कपडे काढायला तयार होते, लीबोविट्झ म्हणते, राहू द्या, सगळे असू द्या. मग तो विवस्त्र, पाय पोटाशी घेऊन तिला बिलगतो, तिच्या गालावर ओठ टेकवतो. ती अंगभर कपड्यांत, उताणी, शांत. पोलरॉइडवरची चाचणी बघून तो खूश होतो: आमचं नातं नेमकं असंच आहे. हेच मुखपृष्ठ, असा शब्द तो घेतो. त्याच रात्री या इमारतीच्या दाराशी त्याला गोळ्या घातल्या जातात.

जानेवारी १९८१. तुम्ही विक्रेत्यासमोर उभे आहात. २२ तारखेचा अंक. वर मासिकाचं नाव, खाली ते दोघं. मथळा नाही. मृत्यूची बातमी नाही, लेननचं नावसुद्धा नाही. धंद्याचे नियम एकेक करून बाजूला ठेवलेले: चेहरा आडवा, त्याचे डोळे मिटलेले, आत काय आहे याची एक ओळही नाही. तरी हात आपोआप पुढे होतो.

२००५ साली अमेरिकी मासिक-संपादकांची संघटना गेल्या ४० वर्षांतली उत्तम मुखपृष्ठं निवडते, तेव्हा पहिला क्रमांक याला मिळतो. दुसऱ्या क्रमांकावरचं 'व्हॅनिटी फेअर'चं मुखपृष्ठही लीबोविट्झचंच. त्या यादीशी उभं राहून अनेक जण धडा घेतील की पान मोकळं सोडावं, शब्द कमी करावेत. तुम्ही मात्र चारही अंक पाहून आलात. शिरस्त्राणातला विनोदी शिपाई, मागे वळून बघणारा बंडखोर, सरळ डोळ्यांत डोळे घालणारा माणूस, यांच्याशी वाचकाची ओळख तेरा वर्षं वाढत गेली होती. ती नसती तर मथळ्यावाचून ते चित्र कुणाला कळलं असतं? मुखपृष्ठ अंकाअंकाने विश्वास साठवतं. गिऱ्हाइकाला एकदाच फसवून विकलेला अंक या साठ्यातून घेऊन जातो, खरेपणाने सजवलेला अंक त्यात भर घालतो. शब्दांवाचून बोलण्याचा हक्क त्या मासिकाला मिळाला तो या साठ्यावर, आणि आजही जो कुणी मुखपृष्ठ रचायला बसतो, त्याला तो असाच कमवावा लागतो.