शरबती सोनोरा आणि एक चिठ्ठी

एप्रिल आला की आमच्या घरी वर्षाचा गहू भरायची गडबड, आणि ऑफिसात ‘वर्षभरात काय काम केलं’ हा फॉर्म भरायची. यंदा दोन्ही एकाच आठवड्यात आलं म्हणून ही जुनी गोष्ट आठवली.

साठच्या दशकात मेक्सिकोहून ‘सोनोरा ६४’ हा बुटका गहू आपल्याकडे आला. उत्पन्न भरघोस, पण दाणा लालसर. आपल्याला चपातीला पिवळसर गहू लागतो. लाल गव्हाला बाजारात भाव कमी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. स्वामीनाथन यांच्या गटाने बियाण्यावर किरणांचा मारा करून पिवळसर दाण्याचं वाण मिळवलं: ‘शरबती सोनोरा’. (हल्ली दुकानात ‘एमपी शरबती’ म्हणून घेतो तो हा नव्हे.)

इथवर सगळं ठीक. दाण्याचा लाल रंग मोजक्या जनुकांवर ठरतो, त्यामुळे एखाद्या बदलाने तो जाऊ शकतो. पण पुढे दावा झाला की या वाणात लायसीनही खूप जास्त आहे. लायसीन म्हणजे प्रथिनातला तो घटक, जो गव्हात नेहमीच कमी पडतो. का कमी पडतो? कणीक ताणली जाते ती ग्लुटेनमुळे, आणि ग्लुटेनच्या प्रथिनांतच लायसीन थोडं. ही प्रथिनं बनवणारी जनुकं अनेक. शिवाय चपातीच्या गव्हात गुणसूत्रांचे तीन संच असतात. एकात बिघाड झाला तर बाकीचे दोन भागवून नेतात. म्हणजे रंग बदलला म्हणून प्रथिनाचा कस एकदम उडी मारेल, हे अवघडच. नंतरच्या तपासण्यांत तो दावा टिकला नाही. याबद्दल पुढे बरीच वर्षं वाद चालला.

मला मात्र जास्त हलवून जाते ती मे १९७२ची घटना. त्याच संस्थेतले कृषिशास्त्रज्ञ डॉ. विनोद शाह यांनी आत्महत्या केली. स्वामीनाथन तेव्हा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे महासंचालक झाले होते. शाह यांची चिठ्ठी त्यांच्याच नावे होती. बढतीतल्या अन्यायाची तक्रार त्यात होतीच, पण वरच्यांच्या मताला जुळेल अशी अशास्त्रीय आकडेवारी गोळा होते, असंही त्यांनी लिहिलं होतं. एका माणसाच्या चिठ्ठीवरून सगळी संस्था खोटी ठरत नाही. पण बढती आणि आकडे यांची गाठ त्यांनी बरोबर पकडली होती, असं मला वाटतं.

संसदेत गदारोळ झाला. सरकारने चौकशी समिती नेमली आणि अध्यक्ष कोण, तर आपले साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर, माजी सरन्यायाधीश. त्यांच्या शिफारशींवरून १९७३मध्ये कृषी शास्त्रज्ञांच्या भरतीसाठी वेगळं मंडळ स्थापन झालं, १९७५मध्ये कृषी संशोधन सेवा आली. वरची जागा रिकामी व्हायची वाट न बघता दर पाच वर्षांनी कामाचं मूल्यमापन करून बढती द्यायची, अशी सोय झाली. साहेबाची मर्जी सांभाळण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

पण मूल्यमापन म्हटलं की परत आकडेच आले. किती वाणं, किती शोधनिबंध. जे वाण पाच वर्षं तपासून ‘यात काही विशेष नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिलं, त्याचे गुण कुठल्या रकान्यात भरायचे?

माझ्या फॉर्ममध्येही तो रकाना नाही. शुक्रवार शेवटची तारीख आहे.