चिमूरची साक्ष आणि वऱ्हाड

वऱ्हाडातील इंग्रजी अंमलाचा प्रारंभ एका फौजेच्या थकलेल्या पगारातून झाला. हैदराबाद कंटिन्जंट या इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखालील सैन्याचा खर्च निजामाकडून भागेना, म्हणून १८५३ च्या तहाने हा प्रांत कंपनीकडे आला. १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडेच राहिला व पुढील वर्षी मध्यप्रांतास जोडण्यात आला. खेड्यातील रयतेला एरवी सरकार दिसे ते पाटील, पटवारी व पोलीस यांच्या रूपाने. या सर्वांच्या मागे उभी असलेली फौज ऑगस्ट १९४२ मध्ये उघड दिसली. त्या महिन्यातील घटनांविषयी परस्परविरोधी वृत्तांत शिल्लक आहेत. ते कसे वाचावेत, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

८ ऑगस्टला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवसापासून अटकसत्र सुरू झाले. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे पुढारी तुरुंगात गेल्यावर चळवळ खेड्यांच्या हाती आली. अमरावती जिल्ह्यातील यावली व बेनोडा या गावांत जमाव आणि पोलीस यांचा संघर्ष झाला. दोन्ही गावांच्या नावांपुढे आज 'शहीद' हा शब्द लावला जातो. वर्धा नदी ओलांडली की आष्टी लागते. तेथे १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, पोलीस ठाण्यावर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. मोर्चातील माणसे पडली, तसेच ठाण्यातील पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे गोळीबारानंतर खवळलेल्या जमावाने डुंगाजी, सोनवणे, जरासंध हे अधिकारी व एक शिपाई यांना ठार केले. वाटेवर झाडे पाडून गाव तीन दिवस बाहेरच्या जगापासून तोडले गेले. १९ तारखेला गोऱ्या सोजिरांसह लष्कर चिमुरात शिरले.

यापुढे वृत्तांत दुभंगतो. गावकऱ्यांचे म्हणणे असे की पुरुषांची सरसकट धरपकड झाली, घरे लुटली गेली आणि एकट्या राहिलेल्या स्त्रियांवर सैनिकांनी अत्याचार केले. नागपुराहून गेलेल्या काही स्त्रियांनी व डॉ. बा. शि. मुंजे यांनी सप्टेंबरमध्ये या स्त्रियांची कथने ऐकून घेतली. मुंजे हे काँग्रेसचे नव्हेत, हिंदुमहासभेचे पुढारी. काँग्रेसच्या बाजूने खोटे बोलण्यात त्यांचा काही लाभ नव्हता, हे येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. प्रांतिक सरकारने मात्र आरोप फेटाळले आणि चौकशीस नकार दिला.

सेवाग्रामचे प्रा. ज. प्र. भन्साळी दिल्लीस गेले आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील वऱ्हाडचे सभासद लोकनायक बापूजी अणे यांनी चिमूरला जाऊन स्वतः पाहावे, अशी त्यांनी मागणी केली. ती मान्य झाली नाही. नोव्हेंबर १९४२ मध्ये भन्साळींनी उपोषण आरंभिले. त्याची बातमी छापण्यावर बंदी आली. तेव्हा ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंक न काढून निषेध केला. डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीने १२ जानेवारीस, ६३ दिवसांनी, उपोषण सुटले. वृत्तबंदी उठली. चौकशी झाली नाही.

आमच्या वाचकांस येथे एक अडचण जाणवेल. ती टाळून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्याच कार्यकारी मंडळात जुलै १९४२ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सभासद होते. मार्चमध्ये रंगून पडले होते, जपानी फौजा ब्रह्मदेश व्यापून सरहद्दीवर उभ्या होत्या. अशा वेळी देशात अराजक माजविणे घातक आहे, हे बाबासाहेबांचे मत सर्वश्रुत आहे. यावरून काही लेखक असे सुचवितात की आंबेडकरी समाजाला चिमूरशी कर्तव्य नव्हते. आमच्यापैकी काहीजणही 'ते काँग्रेसचे प्रकरण' म्हणून ते पान उलटतात. दोन्ही भूमिका आम्हांस अमान्य आहेत. राजकीय चळवळीची योग्यायोग्यता हा एक प्रश्न आहे. एका स्त्रीने आपल्यावरील अत्याचाराविषयी दिलेली साक्ष खरी की खोटी, हा सर्वस्वी दुसरा.

शिवाय तारखा पाहाव्यात. चिमुरात लष्कर शिरले त्याच्या बरोबर तीस दिवस आधी, २० जुलै १९४२ रोजी, नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. तिच्या अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वास बंदी, कामगार स्त्रियांच्या सवलती यांविषयी तेथे ठराव झाले. ज्या समाजातील स्त्रिया आपल्या देहाविषयी व श्रमाविषयी स्वतःच्या शब्दांत बोलू लागल्या होत्या, त्या समाजाने चिमूरच्या स्त्रियांचे शब्द परके कसे मानावेत?

साक्ष कशी पारखावी, याचा विचार विनयपिटकात फार बारकाईने झालेला आहे. चुल्लवग्गाच्या समथक्खन्धकात वाद मिटविण्याचे सात प्रकार सांगितले असून त्यांत पहिला मान 'सम्मुखविनया'स आहे. संघ, धम्म, विनय आणि संबंधित व्यक्ती समोर असल्याखेरीज निर्णय देऊ नये, असा त्याचा आशय. सातवा प्रकार 'तिणवत्थारक', म्हणजे गवताने झाकणे. दोन्ही पक्षांकडून इतके दोष घडले की उकरण्याने कलह वाढेल, तर सर्वांवर गवत पसरावे. परंतु त्याला दोन अपवाद आहेत : गंभीर अपराध आणि गृहस्थांशी संबंधित अपराध. भिक्षुसंघाची ही नियमावली राज्यकारभारास जशीच्या तशी लागू होते, असे आम्ही म्हणत नाही. तथापि जानेवारी १९४३ ची तडजोड पाहता गवत नेमके त्या दोन अपवादांवरच पसरले गेले, हे नजरेआड करता येत नाही. गावकऱ्यांच्या बाजूनेही झाकाझाक झाली आहे. चिमूरच्या गौरवकथांत ठार झालेल्या अधिकाऱ्यांचा उल्लेख कित्येकदा एका वाक्यात उरकला जातो. सोनवणे, जरासंध ही माणसेही याच मुलखात नोकरी करीत होती.

या काळाचा आणखी एक साक्षीदार अमरावती जिल्ह्याचा. यावलीत जन्मलेले तुकडोजी महाराज यांचा त्या वर्षीचा चातुर्मास चिमुरात होता. त्यांची भजने चिथावणीखोर ठरली आणि ऑगस्टअखेर त्यांस अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. खंजिरीवरील भजनात भक्तांना देशप्रेम ऐकू आले, सरकारला बंड.

अधिकाऱ्यांच्या हत्येचे खटले विशेष न्यायालयांपुढे चालले. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या, फाशीच्या शिक्षा ठोठावल्या गेल्या, अपिले झाली. नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी आष्टी-चिमूरच्या कैद्यांसाठी अथक खटपट केली आणि १९४५ मध्ये उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. या खटल्यांमुळे १६ ऑगस्टच्या दिवसाचा न्यायालयीन वृत्तांत तयार झाला. १९ ऑगस्टनंतर घडलेल्या गोष्टींविषयी स्त्रियांनी जे सांगितले, ते निवेदनांत व आठवणींत राहिले. त्या वेळी सरकारने नाकारलेली चौकशी त्यांच्या वाट्याला आली नाही.